सेंट अँड्र्यूजचे कॅथेड्रल आणि त्याची पोथी

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर फोर्थ आणि टे या दोन खाड्यांच्या मध्ये फाइफ नावाचा प्रांत आहे. त्याच्या ईशान्य कडेला, उत्तर समुद्राच्या वाऱ्यावर सेंट अँड्र्यूज हे लहानसे गाव वसलेले आहे. जगभरच्या लोकांना ते गोल्फच्या खेळामुळे ठाऊक असते. परंतु गावाचे तीन जुने रस्ते पूर्वेकडे चालत गेले म्हणजे जेथे एकत्र येतात, तेथे गोल्फचे मैदान नाही, एक भग्न वास्तू आहे. पूर्वेकडील भिंतीचे दोन मनोरे, पश्चिमेच्या दर्शनी बाजूचा एक तुकडा, दक्षिणेकडची एक लांब भिंत आणि यांच्या मध्ये हिरवळीवर पसरलेली थडगी, एवढेच शिल्लक आहे. या दोन टोकांतील अंतर सुमारे ३९० फूट भरते. स्कॉटलंडमध्ये याहून मोठे चर्च मध्ययुगात बांधले गेले नाही.

हे कॅथेड्रल कोणी पाडले, या प्रश्नाला एक ठरीव उत्तर आहे. १५५९ च्या जून महिन्यात जॉन नॉक्स या धर्मसुधारकाने येथे प्रवचने केली, जमाव पेटला आणि त्याने चार शतकांचे वैभव एका दिवसात धुळीला मिळविले, असे ते उत्तर. नॉक्सचे चाहते आणि त्याचे निंदक या दोघांनाही ते सोयीचे आहे. वस्तुस्थिती मात्र अधिक गुंतागुंतीची आहे आणि मला विचाराल तर अधिक खिन्न करणारी आहे.

प्रथम 'कॅथेड्रल' या शब्दाविषयी थोडे. प्रत्येक मोठे चर्च हे कॅथेड्रल नसते. 'कॅथेड्रा' म्हणजे आसन. ज्या चर्चमध्ये बिशपाचे आसन असते ते कॅथेड्रल, मग इमारत लहान असो वा मोठी. आपल्याकडे एखाद्या मठाची 'गादी' अमुक गावी आहे असे आपण म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. सेंट अँड्र्यूज ही स्कॉटलंडमधील सर्वांत मानाची गादी होती.

ती येथेच का आली, याचे उत्तर एका आख्यायिकेत आहे. येशूच्या बारा शिष्यांपैकी अँड्र्यू याच्या अस्थी ग्रीसमधील पात्रास येथे होत्या. रेग्युलस, म्हणजेच रूल नावाच्या साधूला दृष्टान्त झाला, त्याने त्यांतील काही अस्थी घेऊन समुद्रप्रवास केला आणि त्याचे गलबत या किनाऱ्याला लागले. दंडाचे हाड, गुडघ्याची वाटी, तीन बोटे आणि एक दात, एवढा तो ठेवा असल्याचे सांगतात. इतिहासकारांना या अस्थी आठव्या शतकात उत्तर इंग्लंडमधील हेक्सॅम येथून आल्या असाव्यात असे वाटते. ते काहीही असो, आठव्या शतकाच्या मध्यास येथे मठ होता, हे नक्की. या मठाच्या एका मठाधिपतीच्या मृत्यूची नोंद आयर्लंडच्या बखरींत ७४७ या सालाखाली सापडते. गावाचे तेव्हाचे नाव वेगळे होते, 'राजाच्या टेकडीचे टोक' अशा अर्थाचे. अँड्र्यूच्या कीर्तीने ते पुसले गेले आणि पुढे अँड्र्यू साऱ्या देशाचाच रक्षक संत ठरला. अकराव्या शतकात राणी मार्गारेट हिने या यात्रेकरूंसाठी फोर्थच्या खाडीवर मोफत नावेची सोय केली. त्या धक्क्याच्या गावाला अजून 'राणीचा तर' या अर्थाचे क्वीन्सफेरी हेच नाव आहे.

यात्रा वाढली तेव्हा जुने चर्च अपुरे पडू लागले. त्या जुन्या चर्चचा १०८ फूट उंचीचा चौकोनी मनोरा सेंट रूलचा मनोरा म्हणून आजही अवशेषांच्या शेजारी उभा आहे. गंमत अशी की, जे अपुरे म्हणून मागे टाकले त्याचा मनोरा अभंग राहिला आणि त्याच्या जागी आलेले भव्य मंदिर कोसळले. बाराव्या शतकाच्या चौथ्या दशकानंतर येथे ऑगस्टिनपंथी साधूंचा मठ स्थापन झाला होता. ११६० ते ११६२ या काळात बिशप असलेल्या आर्नल्डने नव्या कॅथेड्रलचा पाया घातला. बांधकाम त्या काळच्या रीतीप्रमाणे पूर्वेकडून सुरू झाले, कारण वेदी पूर्वेला असते. तेवढा भाग उभा राहिला की उपासना सुरू करता येते आणि उरलेले काम पुढच्या पिढ्यांवर सोपविता येते. येथे ते खरोखरच पिढ्यांवर गेले. पूर्वेकडील भिंतीतील गोल कमानींपासून पश्चिमेच्या टोकदार कमानींपर्यंत जाताना शिल्पशैली बदललेली सहज कळते.

समुद्रकाठच्या उघड्या जागी एवढी उंच वास्तू उभारण्याची किंमत लवकरच मोजावी लागली. तेराव्या शतकाच्या आठव्या दशकात वादळाने पश्चिमेची दर्शनी भिंत उन्मळून पाडली. बिशप विल्यम विशर्ट याने ती पुन्हा बांधली, पण मूळ जागेहून अलीकडे घेऊन. लांबी थोडी कमी झाली. नंतर इंग्लंडशी युद्ध पेटले. १३०४ साली इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने स्टर्लिंगच्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा येथील छपरांवरचे शिसे उतरवून तेथे नेण्यात आले. छपरावरचे शिसे म्हणजे अशा वास्तूचे छत्र होय. ते गेले की पाऊस लाकडात शिरतो, लाकूड कुजते आणि मग दगडाचीही धडगत नसते.

तरीही काम पुरे झाले. बॅनकबर्नच्या विजयानंतर चार वर्षांनी, ५ जुलै १३१८ रोजी, बिशप विल्यम लँबर्टन याने राजा रॉबर्ट ब्रूसच्या उपस्थितीत कॅथेड्रलचा अर्पणविधी केला. पाया घातल्यापासून दीडशेहून अधिक वर्षे लोटली होती. स्वातंत्र्ययुद्धातून बाहेर पडणाऱ्या राष्ट्राने आपल्या रक्षक संताच्या अस्थींसमोर भरविलेला तो दरबारच होता. लँबर्टन स्वतः या युद्धात ब्रूसचा पाठीराखा होता आणि त्यापायी त्याने इंग्रजांचा तुरुंगही भोगला होता.

साठ वर्षांनी, १३७८ मध्ये, मोठी आग लागली. दुरुस्ती चालू असतानाच १४०९ च्या एका वादळात दक्षिणेकडील भुजेची भिंत ढासळली. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात मठाचा प्रमुख असलेला जेम्स हॉल्डनस्टोन याने डागडुजी तडीस नेली. पूर्वेच्या भिंतीतील लहान खिडक्यांच्या दोन रांगा काढून त्यांच्या जागी एक विशाल खिडकी त्याच्याच काळात आली. त्या खिडकीची रिकामी चौकट आजच्या छायाचित्रांत हटकून दिसते. सांगावयाचे ते हे की, ही वास्तू पूर्वीही वारंवार पडत आली होती आणि प्रत्येक वेळी कोणीतरी ती उभी करीत आले होते.

या अवधीत गावही वाढले. १४१३ साली पोपच्या आज्ञापत्राने येथे स्कॉटलंडमधील पहिले विद्यापीठ स्थापन झाले. १४७२ साली बिशपाची गादी आर्चबिशपाची झाली. पण गादीचा मान वाढला तशी तिच्यावर बसणाऱ्यांची निवड राजवाड्यात होऊ लागली. चौथ्या जेम्सने आपला अनौरस मुलगा अलेक्झांडर याला अजाण वयात आर्चबिशप केले. मुलगा मात्र गुणी निघाला. इटलीत थोर पंडित इरॅस्मसकडे तो शिकला आणि इरॅस्मसने त्याच्याविषयी मोठ्या ममतेने लिहून ठेवले आहे. १५१३ साली फ्लॉडनच्या रणांगणावर बापाच्या बरोबरीने तो मारला गेला, तेव्हा तो विशीचाच होता. एक आर्चबिशप तलवार घेऊन रणात पडतो, यावरून त्या काळच्या धर्मपीठाची कल्पना यावी.

सुधारणेची ठिणगी पडली ती याच गावात. १५२८ मध्ये पॅट्रिक हॅमिल्टन या तरुण विद्वानाला विद्यापीठाच्या चर्चपुढे जिवंत जाळण्यात आले. १ मार्च १५४६ रोजी जॉर्ज विशर्ट याची तीच गत झाली. तीन महिन्यांच्या आत, २९ मे रोजी, त्याच्या अनुयायांनी किल्ल्यात शिरून कार्डिनल बीटन याचा खून केला. पुढे वेढा पडला, त्या किल्ल्यात नॉक्सही येऊन राहिला आणि १५४७ मध्ये फ्रेंच आरमाराच्या हाती लागून त्याने सुमारे दीड वर्ष जहाजावर गुलाम म्हणून वल्ही मारली. नॉक्सने आपल्या इतिहासग्रंथात या दिवसांतील एक प्रसंग नोंदविला आहे. जहाज स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ असताना तो अत्यवस्थ होता. सोबत्याने दूरवरचा किनारा दाखवून ओळखतोस का, असे विचारले. त्याने सेंट अँड्र्यूजचा कळस ओळखला आणि तेथे पुन्हा प्रवचन केल्यावाचून आपण मरणार नाही, असे सांगितले. १५५८ मध्ये वॉल्टर मिल या ऐंशी उलटलेल्या वृद्ध धर्मगुरूला येथेच जाळण्यात आले. त्यानंतर लोकांच्या मनातून जुन्या धर्मपीठाविषयीचा उरलासुरला आदरही गेला असावा.

११ जून १५५९, रविवार. नॉक्स गावाच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये उभा राहिला. विषय होता येशूने मंदिरातील व्यापाऱ्यांना हाकलल्याचा. प्रवचने पुढे दोन-तीन दिवस चालली. मग नगरप्रमुखांच्या संमतीने चर्चे 'शुद्ध' करण्यात आली. मूर्ती फोडल्या, लाकडी प्रतिमा जाळल्या, वेद्या उखडल्या. अँड्र्यूच्या अस्थी याच सुमारास नाहीशा झाल्या. त्यांचा पुढे पत्ता लागला नाही.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. हे काम बाहेरून आलेल्या लुटारूंचे नव्हते. नॉक्सच्या पाठीशी उभ्या असलेल्या सरदारांत लॉर्ड जेम्स स्ट्यूअर्ट होता. राणी मेरीचा हा सावत्र भाऊ लहानपणापासून याच कॅथेड्रलच्या मठाचा नामधारी प्रमुख होता आणि मठाचे उत्पन्न त्यालाच मिळत असे. मठाचा प्रत्यक्ष कारभार पाहणारा उपप्रमुख जॉन विनरॅम यानेही लवकरच नवा पंथ पत्करला आणि १५६० च्या सुधारित धर्मघोषणेचा मसुदा करणाऱ्या सहा जणांत तो होता. मठातील अनेक साधू पुढे नव्या पंथाचे उपदेशक झाले. घर घरातल्यांनीच सोडले.

आणि तरीही इमारत उभीच होती. मूर्ती फोडायला एक दिवस पुरतो, पण ३९० फूट लांबीचे दगडी बांधकाम पाडायला पुरत नाही. भिंती, खांब, छप्पर यांतले बहुतेक सारे त्या जूनच्या अखेरीस जागेवरच होते. मरण आले ते निराळ्या वाटेने. गावाला स्वतःचे चर्च होतेच, नवा पंथ तेथे रुजला. कॅथेड्रल होते बिशपाचे, मठाचे आणि यात्रेकरूंचे. १५६० साली पार्लमेंटने पोपची सत्ता आणि जुनी उपासना रद्द केली. मठ संपला, यात्रा संपली. मग एवढे छप्पर कोणासाठी शाकारावयाचे? ग्लासगोचे कॅथेड्रल याच वादळातून गेले, तेही प्रतिमांना मुकले. पण गावकऱ्यांनी तेथे आपली उपासना चालू ठेवली, म्हणून ते आजही डोक्यावर छप्पर घेऊन उभे आहे. ऑर्कनी बेटांवरील कर्कवॉलचेही तसेच.

सेंट अँड्र्यूजला कोणी दुरुस्त करणारा उरला नाही. मधला मनोरा कोसळला, छपरे गेली. नंतर गावकऱ्यांनी दगड नेण्यास सुरुवात केली. घडीव, तयार, फुकट दगड! जुन्या घरांच्या भिंतींत ते आजही ओळखू येतात. शेजारच्या किल्ल्याचीही तीच अवस्था झाली. बंदराचा धक्का वादळात मोडला, तेव्हा १६५६ साली त्याच्या दुरुस्तीसाठी किल्ल्याचा दगड वापरण्याचा ठराव झाला. गावकऱ्यांना दोष देणे सोपे आहे. आपल्याकडील ओस पडलेल्या गढ्यांचे चिरे कोणाकोणाच्या ओट्यांना लागले आहेत, हे पाहिले म्हणजे तो देण्याचा धीर होत नाही. शेवटी १८२६ साली सरकारी खात्याने अवशेष ताब्यात घेतले आणि दगडांची ही वाहतूक थांबली. या उकराउकरीत एक गोष्ट मात्र हाती आली. १८३३ मध्ये आठव्या शतकातील एका कोरीव दगडी पेटीचे तुकडे सापडले. सिंहाचा जबडा फाडणारा डेव्हिड तीवर कोरलेला आहे आणि स्कॉटलंडच्या प्राचीन शिल्पांत तिला फार वरचे स्थान देतात.

गादी गेल्यावर गावाची कळा गेली. सतराव्या शतकाच्या अखेरीस विद्यापीठ पर्थ येथे हलविण्याचाही विचार झाला. गाव सावरले ते एकोणिसाव्या शतकात, आणि या सावरण्यात हिंदुस्थानचा वाटा आहे. येथे १७५३ साली जन्मलेला अँड्र्यू बेल मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख झाला. तेथे एका देशी शाळेत मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरविताना त्याने पाहिली. आपल्या शाळेतील मास्तर हा प्रकार मनावर घेईनात, तेव्हा त्याने आठ वर्षांच्या एका विद्यार्थ्यालाच धाकट्यांच्या वर्गावर नेमले. थोरल्या मुलांनी धाकट्यांना शिकवावे, ही 'मद्रास पद्धत' त्याने विलायतेस नेली आणि तिचा तेथे मोठा बोलबाला झाला. धूळपाटीवर धुळाक्षरे गिरविलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांना यात नवल वाटले नसते! बेलच्या देणगीतून सेंट अँड्र्यूजमध्ये १८३३ साली उघडलेल्या शाळेचे नाव मद्रास कॉलेज. २०२१ मध्ये ती नव्या इमारतीत गेली, पण नाव तेच आहे. गावाचे रस्ते आणि रूप सुधारणारा नगरप्रमुख ह्यू लायन प्लेफेअर हाही कंपनी सरकारच्या बंगाल तोफखान्यातील निवृत्त अधिकारी होता.

मराठीशी असलेला धागा आणखी जवळचा आहे. १८२० च्या दशकात या विद्यापीठात थॉमस चामर्स यांच्या हाताखाली शिकलेल्या विद्यार्थ्यांचा एक गट मिशनरी म्हणून हिंदुस्थानात आला. कलकत्त्याचा अलेक्झांडर डफ सर्वांना माहीत आहे. त्याच गटातील रॉबर्ट नेस्बिट १८२७ साली मुंबईस उतरला आणि कोकणात बाणकोट-हर्णै भागात राहून मराठी शिकला. त्याच्या मराठीवरील प्रभुत्वाची वाखाणणी समकालीनांनी केली आहे. १८५५ मध्ये मुंबईतच तो वारला. त्याच्या धर्मप्रसाराविषयी मत काहीही असो, भग्न कॅथेड्रलच्या गावात विद्या घेतलेल्या माणसाने हर्णैच्या समुद्राकाठी आपली भाषा आत्मसात केली, ही गोष्ट मला लक्षणीय वाटते.

आता पोथीविषयी. ग्रंथालयाच्या स्मरणग्रंथासाठी लिहीत असल्याने ही हकीकत थोडी सविस्तर सांगितल्यास वाचक रागावणार नाहीत, अशी आशा आहे.

बाराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलमध्ये गायनाची एक नवी रीत बहरली होती. तोवर चर्चमध्ये बहुतेक वेळा सर्वजण एकच स्वरावली एकत्र गात असत. या नव्या रीतीत एक गायक मूळ प्रार्थनेचा प्रत्येक स्वर खूप लांबवून धरी आणि त्यावर दुसरा, पुढे तिसरा व चौथाही, आपापली स्वतंत्र स्वररचना विणीत असे. आपल्याला यावरून तंबोऱ्याच्या षड्जाची आठवण होईल. फरक एवढा की, येथे खालचा धरलेला स्वर स्थिर राहत नाही. जुन्या चालीच्या गतीने तो सावकाश बदलत जातो. युरोपच्या बहुस्वरी संगीताचा हा मोठा उगम. लेओनिन आणि पेरोतिन ही दोन नावे या रचनांशी जोडलेली आहेत. यांपैकी कोणाच्याही हाताची प्रत उरलेली नाही. ज्या मोजक्या हस्तलिखितांमुळे हे संगीत आपल्याला कळते, त्यांतले सर्वांत जुने समजले जाणारे हस्तलिखित पॅरिसचे नाही. ते तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, १२३० ते १२५० च्या दरम्यान, सेंट अँड्र्यूजमध्ये लिहिले गेले. कॅथेड्रलचे बांधकाम तेव्हा अजून अर्ध्यावर होते. जवळपास २०० चर्मपत्रांच्या या पोथीच्या शेवटच्या विभागात मेरीच्या उपासनेची गीते आहेत आणि त्यांतील काही रचना इथल्याच असाव्यात असे अभ्यासक मानतात. जगाच्या कडेला असलेल्या या थंड किनाऱ्यावर पॅरिसचे ताजे संगीत उतरवून घेणारे आणि ते गाऊ शकणारे लोक होते, ही या मठाची खरी थोरवी म्हटली पाहिजे.

१५५३ मध्ये, म्हणजे नॉक्सच्या प्रवचनापूर्वी सहा वर्षे, मार्कस वाग्नर नावाचा जर्मन गृहस्थ स्कॉटलंडमध्ये फिरून गेला. माथियास फ्लाकियस हा लूथरपंथी पंडित चर्चचा विस्तृत इतिहास लिहवून घेत होता आणि त्यासाठी जुने ग्रंथ जमविण्याचे काम त्याने वाग्नरवर सोपविले होते. सेंट अँड्र्यूजची ही पोथी त्याच्याबरोबर जर्मनीस गेली. विकत घेतली, भेट मिळाली की कसे, याविषयी ग्रंथपालांनी तर्क केलेला बरा. कारण फ्लाकियसविषयी अशी कुजबुज होती की, दुसऱ्यांच्या ग्रंथालयात जाताना तो झग्याखाली सुरी बाळगतो आणि हवी ती पाने कापून नेतो. 'फ्लाकियसची सुरी' ही त्या काळी म्हणच झाली होती. आरोप खरा की विरोधकांनी पिकविलेला, यावर मतभेद आहेत. विशेष हे की, फ्लाकियस हा पोपचा कट्टर शत्रू. ज्या पंथाच्या लाटेने कॅथेड्रल ओस पडले, त्याच लाटेवरच्या माणसाने त्यातली पोथी उचलली, आणि म्हणूनच ती वाचली. हॉल्डनस्टोनच्या काळातील मठाच्या पत्रव्यवहाराची वहीही याच वाटेने गेली.

फ्लाकियस १५७५ मध्ये वारला. १५९७ मध्ये ब्रन्सविकच्या ड्यूकने त्याचा संग्रह विकत घेतला. आज ही पोथी वोल्फेनब्यूटेल येथील हेर्त्सोग आउगुस्ट ग्रंथालयात आहे. या ग्रंथालयाचे ग्रंथपालपद लाइब्निट्स आणि लेसिंग यांनी भूषविले होते. तेथील पोथी कोणत्या रस्त्याने कोठून आली, याकडे विसाव्या शतकात सेंट अँड्र्यूज विद्यापीठातील चर्च-इतिहासाचे प्राध्यापक जे. एच. बॅक्स्टर यांनी गावाचे लक्ष वेधले. १९३० साली त्यांनी पत्रव्यवहाराची वही छापून काढली आणि १९३१ साली संगीताच्या पोथीची पानन् पान छायाचित्रित आवृत्ती प्रसिद्ध केली. पौने चारशे वर्षांनी गावाला आपल्या कॅथेड्रलचे गाणे कागदावर परत मिळाले.

त्या आवृत्तीत एका पानाच्या कडेला चौदाव्या शतकातील कोणा साधूच्या हाताची लॅटिन ओळ दिसते. हा ग्रंथ स्कॉटलंडमधील प्रेषित अँड्र्यूच्या मठाचा आहे, एवढाच तिचा आशय. आपल्या ग्रंथालयाच्या पुस्तकांवर असतो, तसा तो मालकीचा शिक्का आहे.